सोफ्यावरून उठलेली माणसं

'वी स्पोर्ट्स'च्या टेनिसमध्ये खेळणाऱ्याला धावावं लागत नाही. पडद्यावरचा त्याचा बाहुला चेंडूचा अंदाज घेऊन आपला आपण पळतो, नेमक्या जागी उभा राहतो आणि वाट बघतो. खेळणाऱ्याने हातातला रिमोट रॅकेटसारखा फिरवायचा, बस. फटक्यासाठी बटण नाही. हात जरा लवकर फिरला तर चेंडू एका बाजूला जातो, उशिरा फिरला तर दुसऱ्या. एवढ्यात अख्खं टेनिस बसवलेलं आहे.

२००६ साली निन्टेंडो या जपानी कंपनीचं 'वी' हे यंत्र बाजारात आलं, तेव्हा व्हिडिओ गेममध्ये मुरलेल्या बऱ्याच जणांना हे पोरकट वाटलं. धावणंच काढून टाकलं तर टेनिसमध्ये उरलं काय, असा त्यांचा सवाल होता. मला मात्र हा निर्णय या साऱ्या उद्योगातला सगळ्यात माणुसकीचा निर्णय वाटत आला आहे. धावणं काढल्यावर उरला तो फटका, आणि फटका कसा मारायचा हे सहा वर्षांच्या मुलाला ठाऊक असतं आणि सत्तरीच्या बाईलाही.

त्याआधीची घरं आठवून पाहा. नव्वदच्या दशकात आपल्याकडे 'मीडिया' किंवा 'समुराई' नावाचा टीव्ही गेम आला, तेव्हा त्याच्या कंट्रोलरवर चार दिशांचं एक बटण आणि उजवीकडे दोन-चार बटणं होती. आई-वडील एखाद्या दिवशी हौसेने मारिओ खेळून बघत, दोनदा खड्ड्यात पडत आणि कंट्रोलर परत देत. पुढच्या १० वर्षांत ही बटणं वाढतच गेली. २००५च्या एक्सबॉक्स ३६०च्या कंट्रोलरवर दोन फिरते दांडे, एक दिशांचं बटण आणि वर दहाहून जास्त बटणं होती. ज्यांचे अंगठे लहानपणापासून त्यावर फिरले होते त्यांना ती दिसतही नसत. बाकीच्यांना मात्र ती पाटी वाटे: हे तुमच्यासाठी नाही. धाकट्या भावंडाच्या हाती न जोडलेला कंट्रोलर देऊन त्याला लिंबूटिंबू करून टाकायची युक्ती अनेक घरांत चालत असे. खरं तर त्या वेळी घरातली मोठी माणसंच लिंबूटिंबू झाली होती. त्यांना कुणी डाव देत नव्हतं, आणि तो मागायला त्यांना लाज वाटत होती.

*

निन्टेंडोचा जन्म १८८९ साली क्योटोत झाला. फुसाजिरो यामाउची नावाच्या माणसाने हाताने रंगवलेले 'हानाफुदा' म्हणजे फुलांच्या चित्रांचे पत्ते विकायला सुरुवात केली. बारा महिन्यांची बारा झाडं-फुलं, प्रत्येकी चार पत्ते, असा हा ४८ पत्त्यांचा जोड. त्या काळी तो बराचसा जुगारात खपे. सत्तर वर्षांनी, १९५९ साली, याच घराण्यातल्या हिरोशी यामाउचीने डिस्नेच्या चित्रांचे पत्ते काढले आणि अड्ड्यावरचा पत्त्यांचा जोड मुलाबाळांच्या घरात आणून ठेवला. पुढे जे घडलं ते समजायला मला हा जुना प्रसंग फार उपयोगी वाटतो. वस्तू तीच, खेळणारी माणसं मात्र बदलली, आणि त्यांच्यासोबत खेळाची जागाही बदलली.

दुसरा दुवा गुनपेई योकोई. १९६५ साली तो या कंपनीत पत्ते बनवणाऱ्या यंत्रांच्या देखभालीसाठी लागला. रिकाम्या वेळात त्याने लांब होऊन वस्तू पकडणारा एक जाळीदार पंजा बनवला. मालकाने तो पाहिला आणि १९६६ साली 'अल्ट्रा हँड' नावाने विकायला काढला. दहा लाखांच्या वर खपला. पुढे 'गेम अँड वॉच' आणि 'गेम बॉय' याच माणसाच्या हातून आले. नवं, महाग तंत्र धरून धावण्यापेक्षा जुनं, स्वस्त झालेलं, खात्रीचं तंत्र घ्यावं आणि ते कुणी वापरलं नसेल अशा ठिकाणी वापरावं, ही त्याची शिकवण. १९९७ साली रस्त्यावरच्या अपघातात तो गेला. 'वी' त्याने पाहिलं नाही, तरी त्याचा हात त्यात स्पष्ट दिसतो.

२००२ साली सातोरू इवाता कंपनीचा अध्यक्ष झाला. हा मूळचा प्रोग्रामर, एचएएल लॅबोरेटरी या छोट्या कंपनीत वाढलेला. त्या वेळी निन्टेंडोची अवस्था बरी नव्हती. त्यांचा 'गेमक्यूब' सारा काळ मिळून २ कोटी १७ लाख विकला गेला. सोनीचा 'प्लेस्टेशन २' १५ कोटींच्या पुढे गेला. जपानमध्ये खेळांची बाजारपेठच आक्रसू लागली होती. इवाताने त्याच खेळाडूंसाठी सोनीशी आणि मायक्रोसॉफ्टशी झगडायचं नाकारलं आणि खेळणाऱ्यांची संख्याच वाढवायची असं ठरवलं. जे कधी खेळलेच नाहीत, आणि जे खेळायचे पण सोडून बसले, त्यांच्याकडे जायचं. २००४चा 'डीएस' हा हातात धरून खेळायचा संच, आणि २००५ साली तोहोकू विद्यापीठातले मेंदूतज्ज्ञ र्‍युता कावाशिमा यांच्या पुस्तकावरून बनवलेला मेंदूच्या व्यायामाचा खेळ, ही पहिली पावलं होती. डीएस पुस्तकासारखा उभा धरून जपानी आजी-आजोबा गणितं सोडवू लागले.

'मारिओ'चा कर्ता शिगेरू मियामोतो याने २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एका परिषदेत स्वतःच्या बायकोबद्दल सांगितलं होतं. तिला व्हिडिओ गेममध्ये काडीचा रस नव्हता, आणि तिची आवड किती वाढली हे मोजायचं एक काल्पनिक मीटर त्याने मनात ठेवलं होतं. टेट्रिसने काटा जरा हलला. मेंदूच्या खेळाने आणखी. 'वी' आल्यावर ती स्वतः बसून घरातल्या माणसांचे बाहुले बनवू लागली. जगातला सगळ्यात नावाजलेला खेळकर्ता आपल्या घरातल्या एका न खेळणाऱ्या माणसाकडे बघून काम करत होता, ही गोष्ट मला त्याच्या सगळ्या बक्षिसांपेक्षा मोठी वाटते.

यंत्र बनवतानाच्या अटीही याच विचारातून आल्या. तीन डीव्हीडीच्या डब्यांची चळत होईल एवढंच ते असावं, वीज कमी खावी, आवाज करू नये. घरातल्या आईने टीव्हीखालून उचलून कपाटात टाकावं असं ते असता कामा नये. आणि कंट्रोलर? तो टीव्हीच्या रिमोटसारखा. घरात सगळ्यांच्या हाताला सवय असलेली तीच एक वस्तू होती.

*

त्या रिमोटच्या पोटात अ‍ॅनालॉग डिव्हाइसेस कंपनीची एक चिप होती, एडीएक्सएल ३३०. सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेला असतो. हात हलला की तो मागे रेंगाळतो, आणि त्या रेंगाळण्याने बदललेली विद्युतधारिता मोजून वेग किती झपाट्याने बदलला ते कळतं. या जातीच्या चिप नव्वदच्या दशकात मोटारींच्या एअरबॅगसाठी तयार होऊ लागल्या होत्या: गाडी आदळली की नाही, हे ओळखायला. वर्षं गेली तशा त्या स्वस्त झाल्या. योकोईने सांगितलं होतं तसंच हे झालं.

रिमोटच्या टोकाला एक छोटा अवरक्त कॅमेरा होता. टीव्हीवर ठेवायच्या पट्टीला सगळे 'सेन्सर' म्हणत, पण त्या पट्टीत सेन्सर नव्हताच. तिच्या दोन टोकांना फक्त अवरक्त दिवे होते आणि बघणारा डोळा आपल्या हातात होता. म्हणूनच पट्टी मोडली की लोक दोन मेणबत्त्या लावून काम भागवत, आणि ते खरोखर भागे.

या चिपची एक मर्यादा होती. हात किती जोरात हलला हे तिला कळे, पण तो नेमका कुठे आहे हे कळत नसे. त्यामुळे खांद्यापासून झोकात मारलेला फटका आणि सोफ्यावर लोळून मनगटाने दिलेला झटका तिला जवळपास सारखाच. हुशार पोरांनी ते दोन दिवसांत ओळखलं आणि पडल्या पडल्या खेळू लागली. टीकाकारांनी त्यावर बोट ठेवलं. मला त्यात वेगळंच दिसतं. ज्याचा खांदा वर जात नाही, जो खुर्चीतून उठू शकत नाही, त्याचाही फटका यंत्र तितक्याच मानाने मोजत होतं. २००९ साली रिमोटला जोडायचा जायरोस्कोपचा तुकडा आला, त्याबरोबर 'वी स्पोर्ट्स रिझॉर्ट' आला. तलवारबाजी आणि तिरंदाजी फार सुरेख साधली होती, आणि त्याचे तीन कोटींच्या वर जोड खपले. पण मध्येच रिमोट टेबलावर पालथा ठेवून त्याला स्थिर करून घ्यावं लागे, आणि नवख्या माणसाला आता चूक करायला जास्त जागा झाली होती.

बाहुल्यांबद्दलही सांगायला हवं. त्यांना 'मी' म्हणत. गोल डोकं, मण्यांसारखे हात, जपानच्या लाकडी 'कोकेशी' बाहुलीच्या घाटणीचे. नाक, भुवया, टक्कल, चष्मा निवडून दोन मिनिटांत घरातला माणूस उभा राही, आणि तो विलक्षण ओळखू येई. बेसबॉल खेळताना मैदानात उभे असत ते तुम्हीच बनवलेले काका, आत्या, शेजारी. बोलिंगच्या गल्लीत मागे घुटमळत असत तेही तेच. चेंडू मागे नेताना बटण सुटलं तर तो मागच्या मागे निसटे आणि ही सगळी मंडळी दचकून उडी मारत. हे ज्याने कुणी सुचवलं त्याला चुकणाऱ्या माणसाबद्दल माया होती. चूक झाली की हशा पिके, आणि हशा झाल्यावर पुन्हा चेंडू हातात मिळे. काझुमी तोताकाचं संगीतही त्याच स्वभावाचं, कुणाला घाई न करणारं.

१९ नोव्हेंबर २००६ रोजी अमेरिकेत यंत्र आलं. किंमत २५० डॉलर, आणि 'वी स्पोर्ट्स' डब्यातच. दोनच दिवस आधी आलेला 'प्लेस्टेशन ३' ५०० आणि ६०० डॉलरचा होता. जपानमध्ये 'वी स्पोर्ट्स' वेगळा विकत घ्यावा लागे, तरी तिथे ३५ लाखांहून जास्त घरांनी तो घेतला. दुकानांत 'वी'चा तुटवडा महिनोन्‌महिने राहिला. अखेर १० कोटी १६ लाख यंत्रं आणि ८ कोटी २९ लाख 'वी स्पोर्ट्स' हा हिशेब झाला.

पहिल्याच महिन्यात रिमोट हातांतून सुटू लागले. घाम, उत्साह आणि मनगटाला बांधायची ०.६ मिलिमीटरची नाजूक दोरी. नवे कोरे सपाट टीव्ही फुटले, दिवे फुटले. डिसेंबरच्या मध्यावर निन्टेंडोने ३२ लाख दोऱ्या बदलून द्यायचं जाहीर केलं. नवी दोरी १ मिलिमीटर जाडीची होती. पुढच्या वर्षी रिमोटला घालायचं रबरी कवचही फुकट वाटलं. प्रयोगशाळेत हात फिरवणाऱ्या इंजिनिअरांना जे कळलं नव्हतं ते घराघरांतून कळलं. माणसं अंदाजापेक्षा जास्त जीव ओतून खेळत होती.

*

आपल्याकडे 'वी' बहुतेक बॅगांतून आलं, दुबईहून किंवा अमेरिकेहून. आमच्या नात्यातल्या एका घरी ते असंच आलं होतं. दिवाळीच्या दुपारी, फराळाची ताटं बाजूला सारून, बोलिंग सुरू झालं. त्या घरातले आजोबा निवृत्त शिक्षक, बोलणं मोजकं, सुनेशी तर कामापुरतंच. नातवाने दोघांना एका संघात घातलं. तिसऱ्या पाळीला सून म्हणाली, "बाबा, मनगट वळवू नका, सरळ सोडा." आजोबांनी सरळ सोडला, दहाच्या दहा पडले, आणि त्यांनी तिच्या हातावर टाळी दिली. स्वयंपाकघरातून आजी बाहेर आली, तर नातू ओरडला, "आजी, ये ना, तुझा डाव!" ती पदर खोचून उभी राहिली आणि बाकीची सगळी तिला सूचना देऊ लागली.

असे प्रसंग आपल्या घरांत याआधी घडत नव्हते असं नाही. सासरे आणि सून, मामा आणि भाचे, पाहुणे आणि यजमान ज्या एका गोष्टीभोवती बरोबरीने बसत आले ती म्हणजे पत्ते. बदाम सात, झब्बू, मेंढीकोट. तिथे वय आणि मान तेवढ्यापुरता बाजूला ठेवता येतो, आपली पाळी येईपर्यंत गप्पा मारता येतात, आणि शेजारच्याच्या पानात डोकावता येतं. पत्ते विकून मोठी झालेल्या कंपनीने शंभरेक वर्षांनी टीव्हीसमोर तीच बैठक पुन्हा मांडली, असं मला वाटतं. ती कशाने जमली? पाळीने. बोलिंगमध्ये एक जण खेळतो आणि चौघं बघतात, आणि त्या चौघांचं बघणं हाही खेळाचाच भाग असतो. खेळणारा उभा असतो, त्याचं अख्खं शरीर दिसतं, त्यामुळे बघण्यासारखं भरपूर असतं. अंगठ्यांनी खेळणाऱ्या माणसाकडे बघत कुणी बसत नाही.

अमेरिकेतल्या वृद्धनिवासांनी हे फार लवकर ओळखलं. इलिनॉय राज्यातल्या सेजब्रुक या निवृत्तांच्या वसाहतीत 'वी' बोलिंगने माणसं नादावल्याच्या बातम्या २००७च्या सुरुवातीलाच आल्या. पुढे देशभरच्या अशा वसाहतींमध्ये सामने होऊ लागले. त्या पिढीने तरुणपणी खऱ्या गल्ल्यांमध्ये दर आठवड्याला संघ करून बोलिंग केलं होतं. १६ पौंडांचा चेंडू आता उचलवत नव्हता, पण चार पावलं टाकून हात मागून पुढे आणायची लय अंगात शिल्लक होती, आणि यंत्राला तेवढीच हवी होती.

*

मग डॉक्टर आले. आधी दुखणी घेऊन: जून २००७मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका स्पॅनिश डॉक्टरने तासन्‌तास टेनिस खेळून खांद्यामागचा स्नायू दुखावल्याचं पत्र लिहिलं. मग आशा घेऊन. याच काळात मियामोतोने आणखी एक गोष्ट आणली. तो रोज स्वतःचं वजन करून तक्ता ठेवत असे, आणि त्यात घरच्यांना गंमत वाटते हे त्याच्या लक्षात आलं होतं. त्यातून २००७च्या डिसेंबरात जपानमध्ये 'वी फिट' आलं: चारही कोपऱ्यांत वजन मोजणारी पाटी, तिच्यावर उभं राहून तोल सांभाळायचा. २ कोटी २६ लाख जोड विकले गेले. पण मला हे प्रकरण जरा वेगळं वाटतं. यंत्र खेळणं सोडून मोजमाप करू लागलं, आणि पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये एका लहान मुलीला त्याने जाड ठरवल्यावर निन्टेंडोला दिलगिरी व्यक्त करावी लागली.

व्यायामाचा दावा तपासला तो ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमधल्या संशोधकांनी. ९ ते १२ वर्षांच्या मुलांना 'वी' दिलं. काहींना अंग हलवायचे खेळ, काहींना बसून खेळायचे. मुलांच्या कमरेला हालचाल मोजणारं उपकरण बांधलं होतं, आणि त्यातही रिमोटच्याच जातीची चिप होती. २०१२ साली 'पीडियाट्रिक्स'मध्ये निष्कर्ष आला: दिवसभराच्या हालचालीत दोन्ही गटांत फरक पडला नाही.

त्याहून बोलका निष्कर्ष टोरँटोचा. गुस्तावो सापोस्निक आणि त्यांचे सहकारी पक्षाघातानंतर हात पुन्हा चालावा म्हणून 'वी' वापरून पाहत होते. २०१०च्या २२ रुग्णांच्या छोट्या अभ्यासात फार आशा दिसली. मग कॅनडा, अर्जेंटिना, पेरू आणि थायलंडमधल्या रुग्णालयांत मिळून १४१ रुग्णांवर मोठा प्रयोग झाला. निम्म्यांनी नेहमीच्या उपचारांबरोबर 'वी' खेळायचं. उरलेल्यांनी तेवढाच वेळ पत्ते, बिंगो, जेंगा, चेंडू खेळायचे. २०१६ साली 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त निकाल छापून आला. दोन्ही गट सुधारले, आणि सारखेच सुधारले.

अनेक ठिकाणी याची बातमी 'वी'चा पराभव म्हणून आली. मी ती वेगळी वाचते. पत्त्यांच्या जोडाने आणि जेंगाच्या ठोकळ्यांनी जे साधलं तेच आणि तेवढंच या यंत्राने साधलं. म्हणजे काम होत होतं ते समोरासमोर बसून खेळण्याने, हात पुन्हा पुन्हा पुढे करावासा वाटण्याने. जी घरं 'मुलं बारीक होतील' म्हणून ते यंत्र घेत होती त्यांची निराशा ठरलेली होती. जी घरं एकत्र खेळायला घेत होती त्यांना पुरेपूर मोबदला मिळाला.

*

'वी'चं यश बघून बाकीचे धावले. सोनीने सप्टेंबर २०१०मध्ये 'मूव्ह' आणलं: टोकाला रंगीत प्रकाशाचा गोळा असलेली कांडी, आणि तो गोळा किती मोठा दिसतो यावरून अंतर ओळखणारा कॅमेरा. मुंबईच्या ट्राइन गेम्सने या कांडीसाठी 'मूव्ह स्ट्रीट क्रिकेट' बनवला. कांडी म्हणजे बॅट आणि मैदान म्हणजे गल्ली. आपल्याकडच्या मंडळींनी या तंत्राला स्वतःचा खेळ घातला याचं मला आजही कौतुक आहे, आणि त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही याचं वाईट वाटतं.

मायक्रोसॉफ्टचं 'किनेक्ट' नोव्हेंबर २०१०मध्ये आलं. तंत्र म्हणून ते या सगळ्यांच्या कितीतरी पुढे होतं. प्राइमसेन्स या इस्रायली कंपनीच्या तंत्राने खोलीभर न दिसणाऱ्या अवरक्त ठिपक्यांची जाळी पडे, आणि त्यावरून तुमचे खांदे, कोपर, गुडघे सगळे ओळखले जात. हातात काहीच धरायचं नाही. पहिल्या ६० दिवसांत ८० लाख विकली गेली, गिनीज बुकात नोंद झाली. आणि २०१७ साली उत्पादन बंद.

का, याचं उत्तर मी जागेत आणि हातात शोधते. एकट्याला खेळायला टीव्हीपासून सहा फूट मोकळी जागा लागे, दोघांना आठ. मुंबईतल्या दहा बाय बाराच्या खोलीत दिवाण, टीपॉय आणि कपाट मांडल्यावर आठ फूट आणायचे कुठून? न्यूयॉर्क-लंडनच्या लहान घरांचंही तेच रडगाणं होतं. आणि हात रिकामा असला की माणूस बिचकतो. हातात दांडी असली की ती बॅट होते, मूठ वळते, शरीर आपोआप उभं राहायला शिकतं. शिवाय रिमोट दुसऱ्याच्या हातात देता येतो. 'घे, आता तू' म्हणत हात पुढे करणं हे आमंत्रण असतं. किनेक्टसमोर कुणी कुणाला काही देत नव्हतं. माणसं कॅमेऱ्यासमोर नुसती ये-जा करत.

दरम्यान दुसरीच गोष्ट घडत होती. 'वी' आलं त्याच्या पुढच्या वर्षी आयफोन आला. इवाताने ज्या न खेळणाऱ्या माणसांना खेळाकडे आणलं होतं, ती काही वर्षांत फोनकडे गेली. तिथे शिकायला आणखी कमी होतं आणि खेळ जवळजवळ फुकट. निन्टेंडोचा पुढचा, २०१२चा 'वी यू' अवघा १ कोटी ३५ लाखांवर थांबला. २०१५च्या जुलैमध्ये इवाता गेला, ५५ वर्षांचा होता. आजी आजही खेळते, कँडी क्रश खेळते. पण एकटी, खाली मान घालून, आणि ती कितव्या पायरीवर आहे हे घरात कुणालाच माहीत नसतं. या बदलाने मी अस्वस्थ होते. खेळणाऱ्यांची संख्या वाढली आणि बैठक मोडली.

ती पुरती मोडली नाही, हेही खरं. युबिसॉफ्टचा 'जस्ट डान्स' २००९पासून दरवर्षी येत राहिला. त्यात यंत्र फक्त उजव्या हातातल्या रिमोटची हालचाल तपासतं, कंबर आणि पाय ज्याचे त्याला मोकळे. त्याची २०२०ची आवृत्तीसुद्धा जुन्या 'वी'साठी निघाली होती, यंत्र येऊन १३ वर्षं झाल्यावर. निन्टेंडोच्या २०१७च्या 'स्विच' यंत्राबरोबर '१-२-स्विच' हा खेळ आला. त्यात टीव्हीकडे न बघता समोरच्याच्या डोळ्यांत बघून खेळायचं होतं. २०२२मध्ये 'स्विच स्पोर्ट्स' आला आणि बोलिंगची गल्ली परत उघडली.

*

आता माझी मागणी. 'वी'च्या पहिल्या दिवसांत 'वॉरिओवेअर: स्मूथ मूव्ह्ज' नावाचा एक अफलातून खेळ आला होता. त्यात पाच-पाच सेकंदांचे खेळ असत, आणि प्रत्येकाआधी रिमोट कसा धरायचा ते सांगितलं जाई: नाकाला लावून हत्तीची सोंड, डोक्यावर उभा धरून तुरा, छत्रीसारखा, वेटरच्या ताटासारखा. ते बघताना मला आपला विटीदांडू आठवे. वकट, लेंड, मूंड असं मोजत जाताना विटी पायाच्या चवड्यावर, मुठीवर, डोळ्यापाशी ठेवून टोला मारायची जी पद्धत आहे, ती या खेळात जशीच्या तशी बसते.

विटीदांडूचा फटका दोन टप्प्यांचा. आधी दांडूच्या टोकाने विटी उडवायची, मनगटाचा छोटा झटका. मग ती हवेत असताना योग्य क्षणी जोराचा टोला. हे दोन्ही मोजायला २००६ची चिप पुरली असती. आज ती चिप, जायरोस्कोपसह, जवळपास प्रत्येक चांगल्या फोनमध्ये आहे. पडदा टीव्हीचा आणि दांडू फोनचा केला, तर वेगळं यंत्र घ्यायची गरजच नाही. ज्या घरात चार फोन आहेत त्या घरात चार दांडू आहेत. पुण्या-मुंबईत हे बनवू शकणारे हात आहेत. फुगडीसाठी मात्र कॅमेरा लागेल, कारण फुगडीत दोन्ही हात दुसऱ्याच्या हातांत गुंतलेले असतात. झिम्मा हातात फोन धरून कसा साधायचा हेही कुणीतरी डोकं लावून सोडवावं. लगोरी सगळ्यात सोपी, नेम आणि झटका.

विटीदांडूपासून सुरुवात करावी. एकाने टोला मारला की विटी पडद्यावर वर चढेल, आणि उरलेल्या तिघांनी सोफ्यावरून, खुर्चीवरून, दाराशी उभं राहून आपापला फोन उंच धरायचा. ज्याचा हात नेमक्या क्षणी वर गेला त्याचा झेल, आणि पुढचा डाव त्याचा.